टेक्सासातलं रानटी डुक्कर : कोणतं मारावं, कसं सोलावं, कसं शिजवावं

ब्राझोसकाठ (धागालेखक)

टेक्सासात नव्याने शिकारीला लागलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. डुक्कर मिळालं, घरी आणलं, शिजवलं, आणि वास आला म्हणून सगळं टाकून दिलं. मग 'रानटी डुकराचं मांस उग्रच असतं' असा शिक्का बसतो. मांस बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: जनावर चुकीचं निवडलं, किंवा गोळी लागल्यापासून बर्फात जाईपर्यंत फार वेळ गेला. मसाल्यांकडे नंतर येऊ, आधी या दोन गोष्टी.

ही डुकरं इथली मूळची नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश मोहिमांबरोबर पाळीव डुकरं आली (हर्नांडो दे सोतोने १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरवली), त्यातली सुटली ती रानटी झाली. १९३०च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं टेक्सासात आणून सोडली आणि दोन्हींचा संकर झाला. म्हणून एकाच कळपात काळी, तांबडी, ठिपक्यांची अशी सगळी दिसतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या अंदाजाने राज्यात सुमारे २६ लाख डुकरं आहेत. मादी सहा ते आठ महिन्यांत माजावर येते, ११५ दिवसांनी विते, एका वेताला सरासरी चार ते सहा पिल्लं. संख्या नुसती आहे तिथे रोखायची तरी दर वर्षी दोन तृतीयांशाच्या आसपास डुकरं काढावी लागतात. मका, भुईमूग, भात, कुरणं, सगळ्याची उलथापालथ करतात. त्यामुळे इथे त्यांच्या शिकारीला ठरावीक हंगाम नाही आणि 'इतकीच मारा' अशी मर्यादाही नाही.

खाण्यासाठी सर्वात चांगली ६० ते १२० पौंडांची मादी. दूध पाजणारी असेल तर सोडा; तिची चरबी दुधात गेलेली असते, मांस कोरडं निघतं आणि मागची पिल्लं उपाशी मरतात. ८० पौंडांखालचा नरही चालतो. २०० पौंडांच्या वरचा, एकटा फिरणारा, सुळे बाहेर आलेला नर फोटोत भारी दिसतो, पण वास असतो तो यातच. तो वास अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या दोन द्रव्यांचा, आणि ती चरबीत साठतात. मसाल्याने झाकत नाहीत, व्हिनेगरने जात नाहीत. खच्ची झालेला नर (इथे त्याला बार हॉग म्हणतात) मिळाला तर मात्र उत्तम, अंगावर चरबी असते आणि वास नसतो. शरद ऋतूत ओकची फळं आणि पेकान खाल्लेल्या डुकराची चरबी गोडसर लागते.

१०० पौंडांच्या डुकरातून हाडाशिवायचं मांस साधारण ३५ ते ४० पौंड मिळतं. या हिशोबाने फ्रीजरमध्ये जागा आहे का ते आधी बघा.

आता वेळ. जिवंत डुकराच्या अंगाची उष्णता १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास. वरून जाड कातडी, राठ केस, चरबीचा थर. मेल्यावरही ही गोधडी अंगावर तशीच राहते. उन्हाळ्यात रात्रीही बाहेर ८० अंश असतात. मांस सगळ्यात आधी आंबतं ते मागच्या मांडीत, हाडाच्या सांध्याशी, कारण थंडावा तिथे सगळ्यात शेवटी पोचतो. वरून मांस लालबुंद, ताजं दिसतं आणि कापल्यावर हाडाजवळ हिरवट करडं आणि आंबूस. म्हणून गोळी लागल्यापासून दीड-दोन तासांत कातडी उतरलेली आणि चारही पाय (मांड्या आणि खांदे) बर्फात, असा बेत आधीच ठरवून निघा. बर्फ शिकारीनंतर विकत घ्यायचा नाही, गाडीत असायला हवा. १०० पौंडांच्या डुकराला ४० पौंड बर्फ आणि मोठा कूलर (बर्फाची पेटी).

बाकी जाणकारांनी भर घालावी. कायद्याबद्दल कुणीतरी नीट लिहा, त्यात बरेच गैरसमज आहेत.

कागद_आधी

कायद्याचं लिहितो. यातला एक मुद्दा आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे.

१ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानटी डुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. सार्वजनिक जमिनीवर लागतो. एवढं वाचून लोक मित्राच्या रँचवर जातात आणि इथेच चूक होते.

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. 'जवळ बाळगणं' म्हणजे विकत घेणंच असं नाही. मित्राची रायफल हातात धरली तरी ते बाळगणंच. याला एक सूट अशी की अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकार परवाना जवळ असेल तर हा नियम आड येत नाही. म्हणजे डुकरासाठी टेक्सास राज्य परवाना मागत नसलं, तरी व्हिसावरच्या माणसाला तो काढावाच लागतो, राज्यासाठी नव्हे तर केंद्राच्या कायद्यासाठी. टेक्सासचे बहुतेक वार्षिक परवाने ३१ ऑगस्टला संपतात. १ सप्टेंबरला जुना परवाना खिशात घेऊन रायफल हातात घेतलीत तर सूट संपलेली असते. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. व्हिसाची मुदत किंवा स्टेटस याबद्दल थोडी जरी शंका असेल तरी आधी वकिलाला विचारा, कारण हे प्रकरण थेट इमिग्रेशनवर जातं.

परवान्यावर शिकार करणाऱ्यांपैकी २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो ऑनलाइन होतो. करून टाका.

आणखी दोन गोष्टी. जिवंत पकडलेलं डुक्कर ट्रकमध्ये घालून दुसऱ्या रँचवर सोडता येत नाही. जिवंत वाहतुकीला राज्याच्या पशुआरोग्य आयोगाचे कडक नियम आहेत. आणि शिकार करून मारलेल्या डुकराचं मांस विकता येत नाही. घरी खा, मित्राला द्या, पण पैसे घेऊन कुणाच्या कार्यक्रमाला जेवण म्हणून देऊ नका. दुकानात 'वाइल्ड बोअर' म्हणून मिळतं ते जिवंत पकडून, तपासणी असलेल्या कत्तलखान्यात कापलेलं असतं.

मका_शेती

हॅवेलिनाचा उल्लेख हवा. पश्चिम आणि दक्षिण टेक्सासात दिसतो, लांबून डुकरासारखाच. पण तो वेगळ्या कुळातला, आणि त्याला परवाना, हंगाम आणि वर्षाला दोनचीच मर्यादा आहे. मानेभोवती पांढुरकी पट्टी, शेपूट दिसत नाही, उंची गुडघ्याएवढी, वजन ४०–६० पौंड. रात्री थर्मलमधून (उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीतून) पट्टी दिसत नाही, फक्त पांढरा-काळा आकार दिसतो. अशा भागात असाल तर शेपूट दिसेपर्यंत चाप ओढू नका.

शांतनेम

गोळी कुठे लावायची यावर लिहितो, कारण मांसाची अर्धी नासाडी इथेच होते.

हरणाची सवय असलेले लोक खांद्याच्या मागे, छातीच्या मध्यावर नेम धरतात. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं त्याहून पुढे आणि खाली असतात, पुढच्या पायांच्या मधोमध. हरणाच्या जागी मारलेली गोळी डुकराच्या पोटात जाते. पाठीवरच्या आयाळीमुळे अंग आहे त्यापेक्षा उंच दिसतं, त्यामुळे मध्य धरायला गेलं की नेम आणखी वर जातो. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची मागची कड धरून सरळ वर या आणि अंगाच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबा. हृदय तिथे.

मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट थर असतो, इंचभर किंवा त्याहून जाड. हलकी, लगेच फुटणारी गोळी तिथेच फुटते. .३०८, .२७०, ६.५ क्रीडमूर या काडतुसांना अडचण नाही. .२४३ चालते. .२२३ ने मारायचं असेल तर ६० ग्रेन वजनाच्या वरची सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची) गोळी आणि जागा फक्त कानामागे, तीही पन्नास-साठ यार्डांच्या आत आणि रायफल टेकवलेली असेल तरच. कानामागची गोळी मांस अजिबात खराब करत नाही आणि जनावर जागेवर बसतं. पण डुक्कर खाताना डोकं सतत हलवतं. जबड्याला लागली तर ते पळून जातं आणि आठवडाभर उपाशी मरतं. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी खांदाच धरावा. खांद्याचं दोन पौंड मांस गेलं तर गेलं, जनावराचे हाल होता कामा नयेत.

शिसं वापरत असाल तर जखमेच्या कडेने चार बोटं मांस कापून टाका, बारीक कण लांबवर जातात. तांब्याची गोळी वापरली तर हा प्रश्न मिटतो.

कळपावर मारताना मागे दुसरं डुक्कर आहे का आणि त्याच्याही मागे काय आहे ते बघा. वारा तोंडावर हवा. डुकराची नजर कमजोर, पण नाक फार तीक्ष्ण.

नवा_परवाना

गोळी नीट बसली असं वाटलं, पण रक्तच दिसलं नाही. ७० यार्ड, .३०८. असं का होतं?

शांतनेम

चरबी आणि तो कूर्चेचा थर सरकून भोक बुजतं, रक्त बाहेर न येता छातीत साठतं. गोळी आरपार गेली नसेल तर पहिले तीसेक यार्ड थेंबही दिसत नाही. गोळी लागली ती जागा फांदीला पट्टी बांधून खूण करा, अर्धा तास थांबा, मग पळाला त्या दिशेला सरळ रेषेत शोधा. जखमी डुक्कर पाण्याकडे किंवा दाट झुडपात जातं. रात्री एकट्याने झुडपात शिरू नका. सापडलं की पाठीकडून जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर अजून जिवंत आहे, दुसरी गोळी घाला.

सुरी_धारदार

सोलण्याचं माझ्याकडे.

आतडी काढायची गरजच नाही. पोट न उघडता मांस उतरवायची पद्धत रानटी डुकरासाठी सगळ्यात स्वच्छ. पद्धत अशी:

आधी पाणी. डुक्कर चिखलात लोळलेलं असतं, केसांत वाळू, गोचिडी. जमलं तर पाइपने धुवून घ्या. वाळूवर सुरी दोन मिनिटांत बोथट होते. सहा इंची वाकड्या पात्याची सुरी, एक लहान सुरी, धार लावायची सळई, आणि नायट्राइलचे हातमोजे, दोन जोड एकावर एक. डोळ्यांना चष्मा.

मागच्या पायांच्या घोट्यामागच्या शिरेत गॅम्ब्रेल (टांगायचा आडवा दांडा) अडकवून उलटं टांगा. घोट्याभोवती कातडी गोल कापा, मांडीच्या आतल्या बाजूने खाली या. सुरीचं पातं नेहमी कातडीखालून बाहेरच्या दिशेला चालवा. बाहेरून आत कापलं की केस तुटून मांसाला चिकटतात आणि एकेक वेचत बसावं लागतं. हरणाची कातडी ओढली की निघते, डुकराची निघत नाही. चरबीला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे इंच इंच कापतच उतरवावी लागते. घाई केली की चरबीचा थर कातडीबरोबर जातो, आणि रानटी डुकराला मुळात चरबी कमी.

नर असेल तर पोटाखालच्या लिंगाच्या पिशवीला हात लावायच्या आधी थांबा. त्यात साठलेल्या द्रवाचा वास भयंकर असतो. तेवढा भाग आजूबाजूच्या कातडीसकट बाजूला काढा, ती सुरी वेगळी ठेवा, हातमोजे बदला.

मग पुढचे पाय. पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेला नाही, नुसते स्नायू आहेत. पाय बाहेर ओढून बगलेतून कापलं की अलग होतो. नंतर मणक्याच्या दोन्ही बाजूंचे पाठीचे पट्टे, मानेपासून कमरेपर्यंत. मागच्या मांड्या खुब्याच्या सांध्यातून. शेवटी आतल्या बाजूचे दोन टेंडरलॉइन, शेवटच्या बरगडीमागून हात घालून सोडवायचे; इथे आतड्याला सुरी लागू देऊ नका. मानेचं मांस टाकू नका, खिम्याला तेच उत्तम.

मांडी उघडताना चरबीत दडलेल्या करड्या, हरभऱ्याएवढ्या गाठी दिसतील. मांडीच्या मोठ्या स्नायूंच्या मध्ये एक आणि खांद्याच्या आत एक हमखास असते. काढून टाका, कडवट लागतात. गाठ लिंबाएवढी सुजलेली, पू भरलेली दिसली तर ते जनावर खाऊ नका.

चरबी निळी दिसली तरी खाऊ नका. वॉरफरिन घातलेलं डुकरांसाठीचं विषारी खाद्य २०१७ मध्ये केंद्राने मंजूर केलं आणि ते खाल्लेल्या डुकराची चरबी ओळखू यावी म्हणून त्यात निळा रंग असतो.

कूलरमध्ये खाली बर्फ, वर मांस, वर पुन्हा बर्फ. निचऱ्याची तोटी उघडी आणि कूलर त्या बाजूला थोडा कललेला. मांस पाण्यात बुडून राहिलं की पांढरं, फुगलेलं, बेचव होतं. 'रक्त निघून जाऊ दे' म्हणून पाण्यात भिजत ठेवणारे बरेच आहेत. मला ती पद्धत चुकीची वाटते. मांस पिशवीत घालून बर्फावर ठेवा, रोज पाणी काढा, बर्फ भरा, तीन ते पाच दिवस. मऊपणात फरक पडतो.

ब्राझोसकाठ

कातडीसकट हवं असणाऱ्यांसाठी: पाणी १४५ ते १५० अंश फॅ., तीन ते पाच मिनिटं, मग खरवडणं. पाणी त्याहून गरम झालं की केस 'बसतात' आणि निघतच नाहीत. थंडीत रानटी डुकराच्या राठ केसांखाली लोकर असते, तेव्हा या भानगडीत पडू नये.

पशुवैद्य_टेकडी

वरचं सगळं बरोबर, पण हातमोज्यांचा मुद्दा एका ओळीत गेला. तो मोठा आहे.

रानटी डुकरांत ब्रुसेला सुइस हा जिवाणू असतो. डुक्कर दिसायला ठणठणीत असतं. रक्त आणि जननेंद्रियांच्या द्रवातून, हातावरच्या बारीक ओरखड्यातून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून माणसाला लागण होते. म्हणजे खाण्यापेक्षा जास्त धोका सोलताना. लक्षणं आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येतात: येणारा-जाणारा ताप, रात्री घाम, सांधेदुखी, थकवा. डॉक्टरकडे गेलात तर 'रानटी डुक्कर सोललं होतं' हे स्वतःहून सांगा. शहरातल्या डॉक्टरच्या मनात ते सहसा येणार नाही, आणि उपचार आठवडे चालणारे, एकाहून जास्त अँटिबायोटिकचे असतात. गरोदर स्त्रियांनी सोलण्याच्या कामात हात घालू नये.

फ्रीजर, खारवणं, धूर देणं, वाळवणं, व्हिनेगर, यातलं काहीही ब्रुसेलाची खात्रीने वाट लावत नाही. नीट शिजवणं हाच उपाय. मधोमध १६० अंश फॅ., म्हणजे ७१ सेल्सियस, आणि ते थर्मामीटरने बघायचं.

कच्चे तुकडे, हाडं कुत्र्याला घालू नका. ब्रुसेला कुत्र्यालाही होतो, आणि डुकरांतला स्यूडोरेबीज विषाणू कुत्र्याला झाला तर कुत्रा वाचत नाही.

काळजावर (यकृतावर) पांढरे डाग दिसतात ते जंतांच्या अळ्यांच्या वाटेचे. काळीज, मूत्रपिंड, वजडी सरळ टाका.

बार्बेक्यू_रविवार

पण पोर्कला १४५ अंश आणि तीन मिनिटं विश्रांती पुरते असं अमेरिकेचं कृषी खातंच सांगतं ना? १६० ला पाठीच्या पट्ट्याचं चप्पल होतं.

पशुवैद्य_टेकडी

१४५ फार्मवरच्या डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी. त्या डुकराने आयुष्यभर ठरलेला खुराक खाल्लेला असतो. रानटी डुक्कर मेलेले उंदीर, हरणाचे सांगाडे, काहीही खातं, म्हणून ट्रायकिनेला या जंताच्या अळ्या स्नायूंत असू शकतात. फार्मच्या पोर्कला गोठवण्याचं कोष्टक आहे (सहा इंचांपेक्षा पातळ तुकडे, ५ अंश फॅ., २० दिवस), पण रानातल्या जनावरांत ट्रायकिनेलाची गोठूनही न मरणारी जात सापडते. रानटी डुकराला १६०, तडजोड नको.

सुरी_धारदार

चप्पल होऊ नये म्हणून: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर, पट्टा त्यात फ्रीजमध्ये रात्रभर. मंद आचेवर १५८ ला उतरवून झाका, वर चढून १६० होतं. थर्मामीटरने १६० दिसेपर्यंत कापू नका. १७५ ला गेलेला पट्टा मात्र कशानेही सुधारत नाही, तो बारीक कापून रश्श्यात घाला.

पिंजरा_आठ_पॅनल

बंदूक घेऊन रानात फिरायचं नाही त्यांच्यासाठी, किंवा स्वतःची शेती वाचवायची आहे त्यांच्यासाठी पिंजरा. एकेक गोळी मारून कळप संपत नाही, उरलेली शहाणी होतात आणि रात्रीच फिरू लागतात.

१६ फूट लांब, ५ फूट उंच, ४ इंची चौकोनाची लोखंडी जाळी, आठ पॅनल. आकार गोल किंवा लंबगोल. कोपरा ठेवलात तर डुकरं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बाहेर उड्या मारतात. टी-पोस्ट (लोखंडी खांब) दर चार फुटांवर आणि जाळीच्या बाहेरून, म्हणजे आतून धक्का बसला की जाळी पोस्टवर रेलते, तारेवर ताण येत नाही.

खाद्य म्हणजे आंबवलेला मका. बादलीत अर्ध्यापर्यंत मका, वर चार बोटं पाणी, यीस्टची एक पुडी, झाकण सैल, उन्हात चार-पाच दिवस. झाकण घट्ट लावलं तर वायूने बादली फुटते. आंबूस वासामुळे हरणं कमी येतात. काही लोक त्यात डिझेल मिसळतात. मांस खाणार असाल तर कधीच नको, आणि जमिनीचंही नुकसान.

दार एक-दोन आठवडे बांधून उघडंच ठेवा, कॅमेरा लावा, डुकरं मोजा. बारा दिसतात आणि आत नऊच जातात, तर दार पाडू नका. बाहेर राहिलेल्या तीन पुन्हा कुठल्याच पिंजऱ्यात शिरणार नाहीत.

मांसासाठी महत्त्वाचं: अडकलेली डुकरं पहाटेच मारा. रात्रभर धडका देत राहिलेल्या डुकराच्या स्नायूंतली साखर संपते, आणि त्याचं मांस गडद, चिकट, कोरडं होतं, टिकतही नाही. गोळी लांबून, शांत उभं राहून, एका डोळ्यापासून विरुद्ध कानापर्यंतच्या दोन रेषा छेदतात तिथून किंचित वर घाला.

पाटा_वरवंटा

आता चुलीवर.

रानटी डुकराच्या मांसात चरबीचे धागे नसतात. खांदा आणि मांडी म्हणजे चिवट, चवदार, बोकडाच्या जुन्या मटणासारखं. पातळ काप करून तव्यावर टाकायचा प्रकार यासाठी नाही. गोव्याचं विंदालू अगदी योग्य, कारण त्यात आंबटही आहे आणि वेळही.

दीड किलो खांदा, दीड इंची तुकडे, आणि पाव किलो बाजारातलं कातडीसकट पोर्क बेली. ही बेली गाळू नका, रश्श्याला अंग तीच देते. वाटणाला १५ काश्मिरी किंवा ब्याडगी मिरच्या (बिया काढून), १२ मिरी, ६ लवंगा, दोन इंच दालचिनी, दीड चमचा जिरं, अर्धा चमचा हळद, २० पाकळ्या लसूण, दोन इंच आलं, अर्धा कप नारळाचं व्हिनेगर. मिरच्या व्हिनेगरमध्येच भिजवा, वाटताना पाण्याचा थेंब नको. नारळाचं व्हिनेगर फिलिपिनो दुकानात हमखास मिळतं. पांढरं डिस्टिल्ड घेतलं तर एक तृतीयांश कमी घ्या आणि चमचाभर गूळ घाला, ते फार टोचतं.

मीठ दोन चमचे, सगळं चोळून फ्रीजमध्ये एक रात्र. मग तीन कांदे तांबूस, त्यात मांस वाटणासकट, मंद आचेवर झाकून अडीच ते तीन तास. इन्स्टंट पॉटमध्ये ४० मिनिटं आणि वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी लगेच काढली की तुकडे आवळतात. त्याच दिवशी आंबट लागेल, दुसऱ्या दिवशी बसतं. पावाबरोबर किंवा सान्नांबरोबर.

सोरपोतेल करायचं तर काळीज बाजारातल्या डुकराचं घ्या, रानटीचं नको, वर सांगितलंच आहे. चोरीस (गोव्याचं सॉसेज) घरी करून उन्हात वाळवायची हौस असेल तर रानटी मांसाने करू नका. खिमा करून, त्यात चतुर्थांश बाजारातली पाठीची चरबी आणि किलोला १७ ग्रॅम मीठ घालून, चोरीसचाच मसाला लावून ताजे सॉसेज करा आणि १६० पर्यंत शिजवा. मिसळताना मांस आणि चरबी दोन्ही अर्धवट गोठलेली हवीत. हाताला थंडीने कळ आली पाहिजे. चरबी वितळली तर सॉसेज शिजताना रवाळ होतं, तेल वेगळं सुटतं.

कोकणी सुक्यासाठी मांडीचे लहान तुकडे आधी हळद-मीठ लावून कुकरला, मग भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात परतून, शेवटी चार-पाच कोकमं. त्यात चिंच घालू नका, रंग काळा पडतो.

देवगडकर

आमच्याकडे रानडुकरांनी भात आणि काजूची कलमं उपटून टाकली आहेत. इथल्यांना हे करता येईल का?

कागद_आधी

नाही, देवगडकर. टेक्सासातलं डुक्कर बाहेरून आलेलं. कोकणातलं रानडुक्कर इथलंच मूळचं वन्यप्राणी, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये आहे. पिकाच्या नुकसानीसाठी वन विभागाकडे अर्ज करून परवानगी घ्यायची वाट आहे, आणि नुकसानभरपाईही मागता येते. पण परवानगीने मारलेलं जनावरही शेतकऱ्याचं होत नाही, मांस घरी नेता येत नाही, विल्हेवाट खात्याच्या देखरेखीखाली. फास, गावठी बॉम्ब, विजेची तार यांनी गावातली माणसं आणि गुरं मरतात, आणि गुन्हा अजामीनपात्र ठरू शकतो. पंचनाम्यासाठी नुकसान दिसल्याबरोबर फोटो आणि लेखी अर्ज, त्यात उशीर करू नका. तुमचं नुकसान खरं आहे, म्हणून कागद पक्का हवा.

नवा_परवाना

एक शेवटचं. १६० पौंडांचा नर मिळालाय, सोलून बर्फावर आहे. ठेवू की टाकू?

सुरी_धारदार

पाठीवरच्या चरबीचा सुपारीएवढा तुकडा घ्या. कोरडी कढई, मध्यम आच, झाकण. तीन मिनिटांनी झाकण काढून लगेच वास घ्या. लघवीसारखा किंवा जुन्या घामासारखा दर्प आला तर चरबी सगळी कापून टाका आणि आतल्या लाल मांसाच्या तुकड्याची हीच परीक्षा पुन्हा करा. लाल मांसाला वास नसेल तर खिमा करा, बाजारातली चरबी घाला. घरातल्या दोघा-तिघांना वास घ्यायला लावा. अँड्रोस्टेनोनचा वास काही माणसांना येतच नाही, आणि तुम्ही त्यातले असाल तर पाहुणे जेवायला बसल्यावरच कळेल.